अ‍ॅडव्हेंचर गाडीला नवे रस्त्याचे टायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी यवतेश्वरच्या टपरीवर गाडी लावली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा प्रश्न मात्र गेल्या दोन वर्षांत बदललाय. माझ्या हिमालयन ४११ वरचे (रॉयल एनफील्डची, कच्च्या रस्त्यालाही चालणारी उंच बाइक) गुट्ट्यांचे, म्हणजे रबराच्या मोठ्या ठोकळ्यांचे टायर जाऊन साधे, रस्त्याचे टायर आलेले दिसले की पोरं वाकून बघतात आणि विचारतात, ‘काका, हे का लावले?’ आवाजात थोडी कीवही असते. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, उरलेलं इथे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. साताऱ्यात राहतो, घाटात गाडी चालवतो आणि आजवर टायरचे चार जोड झिजवलेत, एवढंच भांडवल.

रस्त्याचे टायर लावले तर गाडी ‘अ‍ॅडव्हेंचर’ राहते का?

गाडीची उंची, सस्पेन्शन, लांब हँडल, बसण्याची पद्धत यातलं काहीच टायर बदलल्यानं कुठे जात नाही. बदलतो तो फक्त जमिनीला टेकणारा तळहाताएवढा तुकडा.

एक काम करा. मागच्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली ते कागदावर लिहून काढा. ऑफिस, बाजार, गावाकडे, एखाद्या रविवारी महाबळेश्वर किंवा ठोसेघर. त्यात कच्चा रस्ता किती निघतो ते बघा. माझा हिशोब केला तेव्हा हजारभर किलोमीटरमध्ये कच्चा रस्ता तीस किलोमीटरही भरला नाही. त्यातले दहा तर गावाकडच्या घराच्या वाटेचे होते, जिथून शेजाऱ्यांची स्कूटर रोज जाते. त्या तीस किलोमीटरसाठी उरलेले नऊशे सत्तर किलोमीटर आवाज करणाऱ्या, ओल्या डांबरावर वळवळणाऱ्या टायरवर काढायचे का, एवढाच प्रश्न आहे.

मोठ्या गुट्ट्यांच्या टायरला आपल्याकडे बटण टायर म्हणतात. चिखलात गुट्टी रुतते आणि पकड मिळते. डांबरावर तीच गुट्टी रुतत नाही, वाकते. गुट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारं रबरही कमी. ब्रेक दाबल्यावर किंवा गाडी झोपवल्यावर जो लिबलिबीतपणा जाणवतो तो या वाकण्याचा.

टायरवर ९०/१०, ८०/२०, ५०/५० लिहितात म्हणजे काय?

पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा. हे प्रमाण कंपन्या स्वतःच्या अंदाजानं सांगतात, त्यामुळे एका कंपनीचा ८०/२० दुसरीच्या ९०/१० सारखा वागू शकतो. दिशा समजायला ठीक आहे, यापलीकडे त्यावर भांडू नका. या लेखात ‘रस्त्याचे टायर’ म्हणजे ८०/२० किंवा त्याहून डांबराकडे झुकलेले.

मग कच्चा रस्ता विसरायचा?

नाही. कोरडा मुरूम, खडी पसरलेला रस्ता, धरणाच्या कडेची पायवाटेसारखी वाट यावरून रस्त्याचे टायर निमूट जातात. चालवणाऱ्याला उभं राहून चालवता आलं पाहिजे आणि पुढच्या ब्रेकवर बोट हलकं हवं. कोकणातला जांभ्याचा रस्ता कोरडा असेल तर अडचण नाही. ओला असला आणि वर शेवाळ असेल तर पायी चालणाराही तिथे जपूनच चालतो.

थांबायचं कुठे, तर ओलं गवत आणि चिखल. त्यातही काळी माती. सोलापूर-मराठवाड्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर शिरलात तर बटण टायरही शंभर मीटरमध्ये भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखे गोल होतात, माती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तिथे टायरचा वाद घालण्यात अर्थ नाही, गाडी डांबरावर ठेवून चालत जा.

साइज कसा बघायचा? थोडा रुंद टायर चालेल का?

टायरच्या बाजूवरच सगळं लिहिलेलं असतं. हिमालयन ४११ ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर पहिल्यांदा आली तेव्हा १००/९०-१९ आणि १३०/८०-१७ वर होती. व्ही-स्ट्रॉम ६५० ला ११०/८० आर १९ आणि १५०/७० आर १७ लागतात. एक्सपल्स २०० चं मागचं चाक १८ इंचाचं आहे, हे विसरून मागवणारे बरेच भेटलेत.

त्यापुढे ‘५४ एस’ किंवा ‘६४ एस’ असं काहीतरी असतं. दुकानात याकडे कोणी बघत नाही. आकडा म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा संकेत: ५४ म्हणजे २१२ किलो, ६४ म्हणजे २८० किलो, ६५ म्हणजे २९० किलो. अक्षर म्हणजे वेग: पी १५०, एस १८०, टी १९०, एच २१० किमी ताशी. आपली गाडीच दोनशे किलोच्या घरात, त्यावर दोन माणसं, दोन्ही बाजूंना पेट्या, वर तंबू. यातलं बहुतेक वजन मागच्या चाकावर जातं. म्हणून मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

रुंद टायरबद्दल: ‘मागून भारी दिसतो’ यापलीकडे फायदा नाही. रिम तेवढीच राहते, त्यामुळे रुंद टायर चिमटल्यासारखा बसतो आणि त्याची गोलाई बिघडते. गाडी वळायला जड होते. चेन किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासला तर वेगळंच. मूळ साइज घ्या.

रेडियल की बायस?

फरक आतल्या धाग्यांचा: रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, बायसमध्ये तिरपे. साइजमध्ये आडव्या रेघेऐवजी ‘आर’ असेल तर रेडियल, नुसती रेघ असेल तर बायस. लांबच्या पल्ल्यात रेडियल कमी तापतो. गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या. हिमालयन ४५० ला कंपनीच मागे १४०/८० आर १७ आणि पुढे साधा ९०/९०-२१ देते, म्हणजे मिश्र जोडी मुळातच चुकीची असते असं नाही. पण पुढे रेडियल आणि मागे बायस असा उलटा संसार आपल्या मनानं थाटू नका.

ट्यूब असलेल्या गाडीला ट्यूबलेस टायर चालतो का?

चालतो, आत ट्यूब घालून. स्पोकच्या रिममध्ये प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाते, म्हणून ट्यूब लागते. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तीही ट्यूबवरच. ट्यूबलेस स्पोकची चाकं आपल्याकडे नंतर, २०२४ मध्ये मिळू लागली. मध्ये बऱ्याच जणांनी तारांच्या बुडाशी सिलिकॉन आणि टेप लावून घरगुती ट्यूबलेस केलं. काहींचं टिकलंय. मी केलेलं नाही. खड्ड्यात आपटून रिम किंचित वाकली किंवा एखादी तार ढिली झाली की ते सील कधी सोडेल याचा नेम नाही, आणि मागे बायको बसलेली असते.

नव्या टायरबरोबर नवी ट्यूब घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. लांबच्या प्रवासाला दोन ट्यूब न्यायला जागा नसेल तर पुढची, २१ इंची न्या. अडीअडचणीला ती मागच्या टायरात घुसवून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. मागची पुढे घालता येत नाही.

देशी घ्यावे की परदेशी?

याचं उत्तर खिसा आणि दुकानदार मिळून देतात. मिशेलिन अनाकी, मेट्झेलर टूरान्स, पिरेली स्कॉर्पियन ट्रेल, ब्रिजस्टोनचा ए४१, कॉन्टिनेन्टल ट्रेलअटॅक ही रस्त्याकडे झुकलेली जगभरची नावं. ओल्या डांबरावर यांचं रबर वेगळं वागतं, कारण त्यात सिलिका जास्त असते आणि ती थंड, ओल्या रस्त्यावरही रबराला नरम ठेवते. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकली, आणि त्याशिवाय प्रत्येक टायरवर आयएसआय शिक्का लागतो. त्यामुळे हव्या त्या साइजचा हवा तो टायर हव्या त्या दिवशी मिळेल याची खात्री नाही. मोठ्या गाड्यांना, म्हणजे १९-१७ इंची चाकांच्या व्ही-स्ट्रॉमसारख्यांना, निवड बरी मिळते. २१ इंची पुढचं चाक असलं की दुकानदार कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून फोन उचलतो.

सीएट, एमआरएफ, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप यांचे या वर्गातले टायर मिळतात आणि वाईट नाहीत. माझं मत विचाराल तर चारशे सीसीपर्यंतच्या गाडीला ताजा देशी टायर हा दुकानात तीन उन्हाळे काढलेल्या परदेशी टायरपेक्षा बरा.

ताजा आहे की नाही हे बाजूवरच कळतं. ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधीकधी एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटा करून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी घेत नाही. अगदी घ्यायचाच असेल तर भावात घासाघीस करायला तेवढं कारण पुरतं.

फक्त मागचाच बदलला तर?

मागचा आधी झिजतो, पुढचा साधारण दीड ते दोन पट जास्त चालतो. दोन्ही एकाच मॉडेलचे असतील आणि पुढच्यात माल शिल्लक असेल तर खुशाल एकच बदला. मात्र पुढे अर्धवट झिजलेला बटण टायर आणि मागे नवा रस्त्याचा टायर असं करू नका. वळणात मागचं चाक एक सांगतं, पुढचं दुसरंच. आणि पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

टायर बसवताना उभं राहून काय बघायचं?

उभंच राहायचं. ‘तुम्ही चहा घेऊन या’ म्हणाले तरी.

मी ज्यांच्याकडे जातो ते चाचा टायर रिमवर चढवण्याआधी हातानं फिरवून त्यावरचा छोटा रंगीत ठिपका शोधतात. ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा. वॉल्व्हमुळे रिम त्या जागी जड असते, म्हणून ठिपका वॉल्व्हसमोर आणतात. मग दोन्ही कडांना साबणाचं पाणी, चढवताना लिव्हर आणि रिमच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे रिमवर ओरखडा नको. हवा भरली की आधी एक बाजू ‘टप्प’ करून बसते, थोड्या वेळानं दुसरी. आवाज दोनदा आला पाहिजे. त्यानंतर चाचा चाक फिरवून रिमच्या कडेलगतची बारीक रेघ बघतात. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली तर टायर नीट बसला. कुठे आत बुडालेली दिसली तर हवा सोडून पुन्हा साबण.

फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. बऱ्याच पुढच्या टायरची नक्षी मागच्याच्या उलट दिसते आणि माणसाला वाटतं चुकीचा बसवला. मागच्या टायरवर जोर येतो तो गाडी ढकलताना, पुढच्यावर ब्रेक मारताना, म्हणून नक्षी उलटी. बाणावर विश्वास ठेवा, डोळ्यावर नको.

चाक परत लावताना एक्सलच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) जागेवर आहेत का, एबीएसची रिंग (चाकाचा वेग मोजायला लावलेली चकती) वाकली नाही ना, चेन प्रमाणापेक्षा ताणली नाही ना, हे बघा. आणि निघण्याआधी उभ्या गाडीवर पुढचा ब्रेक चार-पाच वेळा, मागचाही तेवढाच दाबा. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला लिव्हर नुसता रिकामा जातो. दुकानाच्या उतारावरून थेट हायवेवर उतरताना हे कळलं तर उशीर झालेला असतो.

नवा टायर घसरतो हे खरं की दुकानदारांची भीती?

खरं आहे, आणि मी ते अंगावर घेऊन शिकलोय.

जुलै महिना. दुकानात दोन्ही टायर बसवून घेतले, पैसे दिले. ‘जरा जपून’ असं दुकानदार म्हणाला होता, पण मी हेल्मेट घालत होतो. बाहेर भुरभुर चालू होती. तीन किलोमीटरवर पोवई नाक्याजवळ वळताना वेग फार तर पंचवीस असेल, रोज वळतो तसाच वळलो. पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक असं गेलं जसा न्हाणीत साबणाच्या वडीवर पाय पडावा. गाडी आडवी, मी बाजूला, उजवी पेटी चेपलेली. दोन कॉलेजच्या पोरांनी गाडी उचलली. एकानं टायरला हात लावला आणि म्हणाला, ‘अहो, हे तर अजून चकचकीत आहेत.’ त्याला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

कारण साधं आहे. टायर साच्यातून निघतो. साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश वर राहू शकतो. आता ते पूर्वीपेक्षा कमी वापरतात. पण त्याहून महत्त्वाचं, साच्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाची सही टायरवर उमटलेली असते. रस्त्यानं घासून ती चकाकी गेल्याशिवाय रबर डांबराच्या खडबडीत खड्यांना धरत नाही. त्यात भर म्हणजे बसवताना लावलेलं साबणपाणी कधीकधी नक्षीवरही सांडलेलं असतं, ते घरून नेलेल्या फडक्यानं पुसा.

आणि मधला भाग घासला गेला म्हणजे टायर तयार झाला असं नाही. सरळ हायवेवर शंभर किलोमीटर मारले तर मधली पट्टी तयार होते, कडा तशाच चकचकीत राहतात. पहिल्या वळणाला गाडी झोपते ती नेमकी त्या कोऱ्या कडेवर.

मग पहिले दीडशे किलोमीटर कसे चालवायचे?

कंपन्याही साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर जपायला सांगतात. मी आता कोरडा दिवस बघूनच टायर बदलतो. पहिला टप्पा कोरेगाव-पुसेगावकडे, जिथे रस्ता सरळ आणि मोकळा. एक्सिलरेटर हलका, ब्रेक लांबून आणि हळूहळू वाढवत. घट्ट ब्रेक दाबून ‘टायर बसवायचा’ प्रयत्न नको. परतताना रुंद वळणं थोडी थोडी झोपवत. दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, यवतेश्वरचा घाट कासपर्यंत आणि परत. प्रत्येक फेरीला अंमळ जास्त कलवायची. खाली उतरलं की चकाकी कुठपर्यंत गेली ते बघायचं. चकचकीत आणि मळकट यांच्यामधली रेघ कडेकडे सरकत जाते, ती तुमची मर्यादा.

कडेला अर्धा सेंटिमीटर चकाकी आयुष्यभर राहिली तरी लाज वाटू देऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर ती राहायलाच हवी.

पावसातच बदलावा लागला तर दीडशेचे अडीचशे समजा, आणि पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाचे सांधे यावरून गाडी सरळ ठेवूनच जा.

सँडपेपरनं घासलं, डिझेलनं पुसलं तर लवकर तयार होतो म्हणे?

डिझेल-पेट्रोल अजिबात नको, ते रबर खातं. सँडपेपर हातानं सगळीकडे सारखा लागत नाही. टायर पॉलिशही नको. एका ओळखीच्यांनी गाडी धुवायला दिली, पोरानं प्रेमानं टायर काळेभोर चमकवून दिले, नक्षीसकट. तिथल्या तिथे साबणानं धुवायला लावले.

हवा किती ठेवायची?

टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. गाडीच्या पुस्तिकेतला किंवा चेनगार्ड-स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरचा आकडा पाळा. उदाहरणार्थ व्ही-स्ट्रॉम ६५० ला एकट्यानं पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे कोणी बसलं तर मागच्यात ४१. दोन माणसं आणि सामान असताना एकट्याची हवा ठेवली तर टायर तापतो, खड्ड्यात रिम वाकते आणि घाटात गाडी झुलते.

टायर थंड असताना मोजा, म्हणजे सकाळी, गाडी न चालवता. पेट्रोल पंपावरची मीटर एकमेकांशी जुळत नाहीत. तीन पंपांवर तीन आकडे येतात आणि प्रत्येक जण आपलंच बरोबर म्हणतो. खिशात मावणारं स्वतःचं गेज घ्या. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

लडाखला निघालेले नेहमी विचारतात की उंचीवर हवा कमी करायची का. तापमान तेच राहिलं तर साताऱ्याहून लेहच्या साडेतीन हजार मीटरवर गेल्यावर गेजवर साधारण ४ पीएसआय जास्त दिसतात, कारण बाहेरची हवा विरळ होते. पण तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतात. लेहमधली थंड सकाळ हा हिशोब जवळपास फेडून टाकते. म्हणून वाटेत अंदाजानं हवा सोडू नका. लेहला पोचा, झोपा, सकाळी मोजा.

नवे टायर आल्यापासून गाडी वळणात ‘पडते’ असं वाटतं. बिघाड आहे का?

नाही. जुना टायर मध्येच झिजून चौकोनी झालेला असतो. पुणे–बंगळूर हायवेवर नित्य ये-जा करणाऱ्यांचा तर पाटासारखा सपाट होतो. (द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला मज्जाव, तेवढाच टायरला आराम.) चौकोनी टायरची गाडी कडेवर ढकलावी लागत होती, गोल टायरची आपसूक कलते. दोन दिवसांत हात बसतो.

पावसाळ्यात घाटात रस्त्याचे टायर पुरतात?

पुरतात, आणि बटण टायरपेक्षा जास्त पुरतात. ताम्हिणी, आंबोली, वरंधा, कुंभार्ली, सगळीकडे पावसाळ्यात जायचंय ते डांबरावरूनच. टायर चुकतो त्यापेक्षा चालवणाऱ्याचे डोळे जास्त चुकतात.

जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं ऑइल, टायरची भुकटी आणि फुफाटा पाण्यावर तरंगून वर येतो. पहिला तासभर गाडी काढूच नका, नंतर धो-धो कोसळला की रस्ता धुऊन निघतो. श्रावणात धोका वेगळा: झाडीखालच्या, ऊन न पोचणाऱ्या वळणांवर डांबराच्या कडेला हिरवट थर येतो. ट्रकच्या चाकांच्या दोन पट्ट्या घासून स्वच्छ झालेल्या असतात, त्यांतल्या एकीतून चला. दोन पट्ट्यांच्या मधोमध इंजिनचं ऑइल ठिबकलेलं असतं. पाण्यावर इंद्रधनुष्य दिसलं किंवा हेल्मेटमध्ये डिझेलचा वास आला तर एक्सिलरेटर, ब्रेक, हँडल तिघांनाही तसंच धरून पुढे सरका. घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकच्या टाकीतून डिझेल सांडतं ते नेमकं वळणावर.

आणि एक आमच्या भागातली गोष्ट, जी पावसाळ्यात मोडत नाही. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या चिखल घेऊन डांबरावर चढतात. वर पाचट आणि चिरडलेला ऊस. कोरड्या जानेवारीत, निळ्या आभाळाखाली, कराड-कोल्हापूर पट्ट्यात पन्नास मीटरचा तुकडा लोण्यासारखा असतो. रात्री तो दिसतही नाही. कारखान्याकडे वळणारा फाटा दिसला की मी आधीच गिअर उतरवतो.

टायर बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा छोटा त्रिकोण असतो त्याच्या रेषेत बघा. नक्षी त्या उंचवट्याला आली की संपलं. नियमानं दुचाकीला किमान ०.८ मिमी लागते. पण पावसात पाणी कापायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. शिवाय बाजूला बारीक भेगा, एकाच जागी आलेला फुगवटा, चार-पाच वर्षं वय, यांपैकी काही असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

बहुतेक जण ‘पावसाळा काढू आणि दिवाळीत बदलू’ म्हणतात. उलटं करा. मेमध्ये बदला. कोरड्या रस्त्यावर दीडशे किलोमीटर होतात, आणि पूर्ण नक्षी नेमकी जूनमध्ये हाताशी असते.

काढलेले बटण टायर टाकून देऊ का?

अर्धे शिल्लक असतील तर ठेवा. वर्षाकाठी एखादी स्पिती-लडाखची फेरी असेल तर तेवढ्यापुरते चढवता येतात. ऊन लागणार नाही अशा जागी, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या मोटरपासून लांब ठेवा. विजेच्या अशा उपकरणांजवळ तयार होऊ शकणाऱ्या ओझोननं रबराला भेगा जातात. माझे माळ्यावर आहेत. मागच्यात मांजरीनं पिल्लं घातलीत, त्यामुळे यंदाची स्पिती रस्त्याच्या टायरवरच होणार असं दिसतंय.